पिकअप ट्रकमध्ये पाच आठवडे, सोबत कुत्रा: न्यू जर्सी ते सिएटल

ओसरी (धागाकर्ते)
नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर एडिसनचं घर सुटतंय आणि सिएटलची नोकरी १ ऑक्टोबरला सुरू होतेय. सामान कंटेनरमधून पुढे जाईल. मधले पाच आठवडे ट्रकमध्येच राहायचं ठरवलंय. गाडी टोयोटा टॅकोमा, डबल कॅब, फोर बाय फोर, सहा फुटी हौदा (मागचा उघडा भाग), वर कॅबच्या उंचीचं फायबरग्लास टॉपर, म्हणजे हौद्यावरचं खिडक्यांचं झाकण. सोबत खंड्या, लॅब्राडोर मिश्र, वय ५, वजन २९ किलो. रस्ता साधारण विस्कॉन्सिन, साउथ डकोटा, मोंटाना, आयडाहो असा.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हौद्यात प्लायवूडचा ओटा बांधावा की सरळ तळावर गादी टाकावी? खंड्याने दिवसा आणि रात्री कुठे बसायचं? आणि ज्यावर पुढे पश्चात्ताप होतो असं काय आहे, जे आधीच करून घ्यायला हवं? माझी उंची ५ फूट ९.

वाटसरू७
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. 'माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको' असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा इथे टाका, मग बाकीचं बोलू.

ओसरी
१०६० पौंड.

खिळेमोळे
मग हिशेब मांडू या. टॉपर मागाहून बसवलं असेल तर त्याचं वजनही याच १०६० मध्ये धरायचं.

तुम्ही १६५, खंड्या ६४, टॉपर १८०. इथेच ४०९ झाले. ओटा आणि खण १२० (पाऊण इंची प्लायवूडचा चार बाय आठचा एक ताव साठ-सत्तर पौंड भरतो, म्हणून शक्य तिथे अर्धा इंची वापरा). भरलेला फ्रिज ६५, बॅटरी ३०, दहा गॅलन पाणी ८३, कुत्र्याचं खाणं ३०, कपडे-अंथरूण-भांडी १००, हत्यारं, दोऱ्या, हवेचा पंप ६०. बेरीज ८९७. उरले १६३. कागदावर ठीक दिसतं, पण 'एवढं एक खोकं कंटेनरमध्ये मावलं नाही' असं दोनदा झालं की संपलं. निघायच्या आदल्या आठवड्यात सगळं भरून, टाकी फुल करून ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर गाडी तोला. पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं मिळतं. मागचं जास्त झालं तर स्प्रिंगचे पाटे बसतात, गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. पाण्याची कॅनं आणि बॅटरी कॅबच्या भिंतीला टेकवून ठेवा, फाळक्याकडे (मागचं खाली पडणारं दार, टेलगेट) नको.

आता मापं. हौदा आतून ७३.७ इंच लांब. तुमची उंची ६९ इंच, म्हणजे सरळ झोपता येतं, पाच फुटी हौद्यात आलं नसतं. चाकांच्या उंचवट्यांमध्ये रुंदी ४१.५ इंच. हौद्याची खोली १९ इंच, टॉपर धरून तळापासून छतापर्यंत ३८-३९. उंचवट्यांच्या वर ओटा घेतला तर १० इंच त्यात गेले, गादीचे ३ गेले, उरले २५-२६. त्यात बसता येत नाही, कपडे पडूनच बदलायचे. पण खाली सामानाला अख्खा तळ मिळतो. मी ओट्याच्या बाजूचा.

हडसनकाठ
खिळेमोळे यांचं गणित बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. एकट्या माणसाला ओटा चालतो. २९ किलोचा कुत्रा २५ इंचांत उभा राहू शकत नाही. लॅबची खांद्यापाशी उंचीच २२-२४ इंच, वर डोकं. रात्री कूस बदलायला तो उठणार, छताला आपटणार, मग तुमच्या पोटावरून पलीकडे जाणार. शिवाय पावसाचे दोन दिवस लागले तर दोघांनाही बसायला जागा हवी. तळावर गादी टाका, सामान कमी न्या.

खिळेमोळे
सामान कमी न्या म्हणणं सोपं आहे. फ्रिज कुठे ठेवायचा? तळावर गादी टाकली की फ्रिज, पाणी, खोकी सगळं कॅबच्या मागच्या सीटवर जातं, आणि तिथे खंड्या बसणार आहे.

रानजाई
अर्धा ओटा करा की. ड्रायव्हरच्या बाजूला २५ इंच रुंद, पूर्ण लांबीचा, १० इंच उंच. तो तुमचा. त्याच्या खाली दोन लांब खण, फाळक्याकडून ओढायचे. उजवीकडचा पट्टा उघडा, तळावर रबरी चटई आणि त्यावर चार इंची फोम. तो खंड्याचा. तिथे त्याला उभं राहायला ३५ इंच मिळतात. तुम्हाला बसायचं झालं की ओट्याच्या कडेला बसून पाय त्याच्या पट्ट्यात सोडायचे, मान थोडी वाकवावी लागते, पण चहा पिता येतो. फ्रिज त्याच पट्ट्यात, कॅबच्या भिंतीला.

हडसनकाठ
हे पटलं. एक दुरुस्ती: फ्रिज ठेवल्यावर खंड्याला लांबीला ७३ मधून २५ वजा, म्हणजे ४८ इंच राहतात. लॅबला पुरतात, पण फ्रिजच्या कंप्रेसरची जाळी त्याच्या बाजूला येऊ देऊ नका. केस अडकतात, जाळी तुंबते आणि फ्रिज दिवसभर चालूच राहतो. आठवड्यातून एकदा ब्रशने साफ.

कस्तुरी
ओट्यावर एवढी चर्चा झाली, पण कुत्र्यासोबतच्या प्रवासात घात होतो तो उन्हाने. सप्टेंबर म्हणजे गारवा असं धरून चालू नका, डकोटाच्या माळावर दुपारी ३० च्या वर पारा सहज जातो.

बाहेर २१ अंश सेल्सियस असताना बंद गाडीत १० मिनिटांत ३२, २० मिनिटांत ३७, अर्ध्या तासात ४० आणि तासाभरात ४५ अंश होतात. काचा दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे 'पटकन दूध घेऊन येतो' हा विचार २१ अंशांनाही धोक्याचा. टॉपरच्या खाली तर काचा जास्त आणि एसी नाही.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की धोका. लक्षणं क्रमाने अशी: धाप थांबत नाही, लाळ दोरीसारखी घट्ट, हिरड्या लालभडक, मग तोल जाणं, उलटी. अशा वेळी सावलीत आणायचं, साधं गार पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आतच राहते. १०३ ला आलं की ओतणं थांबवायचं, नाहीतर तापमान खाली घसरत जातं. शुद्धीवर दिसला तरी डॉक्टरकडे न्यायचाच, कारण मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचे त्रास एक-दोन दिवसांनी वर येतात. डिजिटल थर्मामीटर आणि व्हॅसलीन सामानात हवंच.

पाणी: किलोला ५०-६० मिली रोज, म्हणजे खंड्याला साधारण १.६ लिटर. उन्हात चालला तर अडीच.

गुळपोळी
मग एकट्या माणसाने किराणा, आंघोळ, कपडे धुणं कसं करायचं? कुत्र्याला कुठेच सोडता येणार नाही.

रानजाई
किराणा: ऑनलाइन मागवून दुकानाच्या पार्किंगमध्ये घ्यायचा, सामान गाडीत आणून देतात. कपडे: रस्त्यावर दार उघडणारं लहान गावातलं लाँड्रोमॅट, यंत्र लावून बाहेर बाकावर दोघांनी बसायचं. आंघोळ: पहाटे, म्हणजे ऊन यायच्या आत. ट्रक स्टॉपवर पैसे भरून शॉवर मिळतो, सकाळी सहाला १२-१३ अंश असताना खंड्या कॅबमध्ये वीस मिनिटं झोपून राहील. दुपारचं काही करायचं झालं तर डॉग डेकेअर. तिथे रेबीज, डीएचपीपी (डिस्टेंपर, पार्वो वगैरेंची एकत्र लस) आणि बोर्डेटेला (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) या तिन्ही लसींचे दाखले मागतात, आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवशी चाचणी घेऊन मगच ठेवतात. निघण्याआधी बोर्डेटेला देऊन घ्या, वाटेत तेवढ्यासाठी अडायला होतं.

डबलबोल्ट
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गाडी चालू असताना खंड्या टॉपरखाली बसणार नाही. कधीच नाही. फाळक्याच्या कडेला फटी असतात, आणि टॉपरची बाजूची खिडकी उघडी असेल तर मागे हवेचा दाब कमी होऊन धुराड्याचा धूर त्याच फटींतून आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. शिवाय मागून धडक बसली तर पहिला मार तिथेच.

कॅबमध्ये, मागच्या सीटवर, हार्नेस घालून. सेंटर फॉर पेट सेफ्टी ही संस्था अशा हार्नेसच्या क्रॅश चाचण्या करते, त्यात उतरलेलाच घ्या. पट्टा छातीच्या हार्नेसला लावायचा, गळ्याच्या पट्ट्याला नाही. पुढच्या सीटवर एअरबॅगमुळे नको. डबल कॅबची मागची पाठ पुढे पाडली की सपाट जागा होते, पण पुढच्या सीटच्या मागे खड्डा राहतो, तो एखादं कडक खोकं घालून भरा, नाहीतर ब्रेक मारला की पाय त्यात जातो.

वाटसरू७
आणि उघड्या हौद्यात मोकळा कुत्रा नेणं वॉशिंग्टनमध्ये बेकायदा आहे. तसं करायचा विचार नाही हे दिसतंय, पण वाचणाऱ्या इतरांसाठी.

गुळपोळी
रात्री थंडी लागली तर? प्रोपेनचा छोटा हीटर लावून झोपलं तर चालेल का?

डबलबोल्ट
झोपताना बंद. बडी हीटरसारखे छोटे प्रोपेन हीटर ४००० बीटीयूवर (उष्णतेचं माप) एक पौंडाचा सिलिंडर पाच-सहा तासांत संपवतात, ऑक्सिजन कमी झाला की स्वतः बंद होतात, पण ७००० फुटांच्या वर त्या यंत्रणेमुळे आधीच विझतात. आणि प्रोपेन जळताना पाणी तयार होतं, ते सगळं टॉपरच्या छतावर जमून पहाटे गादीवर ठिबकतं. उणे ७ अंशांपर्यंतची स्लीपिंग बॅग घ्या. हीटर संध्याकाळी अर्धा तास, दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून, कपडे बदलण्यापुरता. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपताना डोकं जिथे येतं त्या उंचीवर लावा.

हीटर नसला तरी दोन जिवांच्या श्वासाची वाफ असतेच. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या इंचभर उघड्या हव्यात, एकच उघडून हवा फिरत नाही. गादीखाली जाळीदार चटई घाला, नाहीतर चौथ्या-पाचव्या दिवशी खालून बुरशी दिसते.

खिळेमोळे
एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टॉपरची मागची काच आणि फाळका दोन्ही बाहेरून बंद होतात. आत झोपलेल्या माणसाला ती आतून उघडता आली पाहिजेत.

टॉपरच्या काचेला टी आकाराची मूठ असते, तिच्या आतल्या बाजूला दोन सळया दिसतात. त्या हाताने ओढून काच सुटते का ते दिवसा, दुसरं माणूस बाहेर उभं असताना करून पाहा. कुलूप लावल्यावरही पाहा. फाळक्यासाठी आतलं आवरण काढायचं. स्क्रू काढले की मुठीपासून दोन्ही कडांना जाणारे दोन दांडे दिसतात. मुठीजवळच्या कडीला तीन मिलिमीटरची मजबूत दोरी बांधा, आवरणाला छोटं भोक पाडून ती आत घ्या, टोकाला लाकडाची गोटी. भोकाला रबरी कडं बसवा, नाहीतर पत्र्याच्या धारेवर दोरी महिनाभरात तुटते. ओढून पाहा, फाळका धाडकन पडतो, म्हणून खंड्या त्या वेळी ओट्यावर हवा. दोरी त्याच्या पट्ट्यातून नेऊ नका. खेळणं समजून ओढेल.

हडसनकाठ
+१. दोरीची कल्पना वाचनखुणेत साठवली.

त्याच फाळक्याला धुळीसाठीही काम करून घ्या. बिजागरीच्या बाजूला खाली दोन्ही कोपऱ्यांत बोटभर फट असते. मातीच्या रस्त्यावर दहा मैल गेलात की अंथरुणावर पिठासारखी धूळ. पोकळ रबराची पट्टी खाली आणि दोन्ही कडांना चिकटवा, आधी जागा स्पिरिटने पुसून, नाहीतर पट्टी दोन दिवसांत सुटते. मातीच्या रस्त्यावर जाताना टॉपरची पुढच्या बाजूची झडप किंचित उघडी ठेवली तर आत दाब राहतो आणि धूळ मागून शिरत नाही. मागच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर उलटं होतं.

ओसरी
बरंच हाती लागलं, धन्यवाद. अर्धा ओटा नक्की. आता मुक्कामाचं सांगा. सगळे रोज कॅम्पग्राउंडचे पैसे भरा म्हणतात.

रानजाई
कॅम्पग्राउंड पूर्वेला लागतील, पश्चिमेला नाही. पूर्वेला सरकारी मोकळी जमीन कमी. तरी पेनसिल्व्हेनियातलं अलेगनी आणि विस्कॉन्सिनमधलं चेक्वामेगन-निकोलेट ही दोन्ही नॅशनल फॉरेस्ट आहेत, तिथे ठरावीक कॅम्पग्राउंड सोडून जंगलात फुकट मुक्काम करता येतो. ओहायो, इंडियाना, इलिनॉय ही तीन राज्यं सरळ दोन दिवसांत काढा.

साउथ डकोटात वॉल गावाजवळ बफलो गॅप नॅशनल ग्रासलँड आहे. तिथे बॅडलँड्सच्या कड्यावर उभं राहता येतं. पाणी नाही, झाड नाही, वारा मात्र इतका की टॉपरची काच हातातून निसटते. गाडी वाऱ्याकडे नाक करून लावा. सावली लागेल म्हणून टॉपरच्या कडेला बांधायची जाळीची ताडपत्री आणि मोठे खिळे न्या. गवतात रॅटलस्नेक असतात, लीश सोडू नका. प्रेरी डॉगच्या (खारीच्या जातीचा प्राणी) बिळांपाशीही नेऊ नका. त्यांच्या पिसवांतून प्लेग येतो, तेव्हा पिसवांचं औषध चुकवू नका.

ग्रासलँड, फॉरेस्ट आणि बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, केंद्र सरकारचं जमीन खातं) जमिनीवर बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांची मर्यादा. कोणत्या रस्त्यावर गाडी न्यायची ते फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोटर व्हेइकल यूज मॅपवर असतं, नकाशा फुकट आहे, नेटवर्क असतानाच उतरवून घ्या. ॲपवर लोकांनी टाकलेल्या जागा आणि हा नकाशा जुळत नसेल तर नकाशाचं ऐका.

गुळपोळी
यलोस्टोन वाटेवर आहे, तिथे खंड्याला फिरवायला मजा येईल.

रानजाई
नाही येणार. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यांतला फरक कुत्रेवाल्यांनी पाठ करावा. यलोस्टोनमध्ये कुत्र्याला पायवाटांवर आणि लाकडी फळ्यांच्या वाटांवर मनाई. रस्ता, पार्किंग, कॅम्पग्राउंड यांपासून १०० फुटांपर्यंतच, तेही ६ फुटी लीशवर. बांधून ठेवून निघूनही जाता येत नाही. बॅडलँड्स, ग्लेशियर या नॅशनल पार्कांतही साधारण तेच. यलोस्टोनला लागूनच असलेल्या कस्टर-गॅलटिन नॅशनल फॉरेस्टमध्ये बहुतेक पायवाटांवर कुत्रा चालतो. म्हणून पार्क एका दिवसात गाडीतून बघा, राहा फॉरेस्टमध्ये.

तिथे ग्रिझली अस्वलं आहेत. कुत्र्याचं खाणं, वाडगे, फ्रिज, टूथपेस्ट, सगळं वासाचं सामान. रात्री कुत्र्याचं खाणं आणि वाडगे तुमच्यासोबत टॉपरमध्ये नको, कॅबमध्ये कुलपात. मोकळा सोडलेला कुत्रा अस्वल बघून भुंकतो, मग घाबरून तुमच्याकडे पळत येतो आणि अस्वल त्याच्या मागे. बेअर स्प्रे कमरेला हवा, खणात नको.

हडसनकाठ
सप्टेंबरात तिकडे शिकारीचा हंगाम सुरू झालेला असतो. खंड्याला भडक नारिंगी जॅकेट. लॅबचा रंग झुडपांत हरणासारखाच दिसतो. दुसरं, वणव्याचा धूर. एअरनाऊ या सरकारी साइटवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा १५० च्या वर गेला तर त्याला धावायला नेऊ नका, २०० च्या वर असेल तर जागा बदला. तुमच्याकडे चाकं आहेत, तीन तास गाडी चालवली की धूर मागे पडतो. ट्रकमध्ये राहायचा हाच तर फायदा. शेकोटीबंदी असली तरी झडप बंद करता येणारी गॅसची शेगडी सहसा चालते, तरी त्या फॉरेस्टचा आदेश वाचून घ्या.

सहीशिक्का
कागदांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. धागाकर्त्यांनी व्हिसाचं लिहिलं नाही, तरी इथे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना लागू आहे.

नागरिक नसाल (ग्रीन कार्डवालेही यात आले) तर पत्ता बदलल्यावर १० दिवसांत यूएससीआयएसकडे (इमिग्रेशन खातं) एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरावा लागतो. पोस्टाला दिलेला पत्ताबदल तिथे पोचत नाही. एच-वन-बी असेल तर वाटेत ट्रकमधून लॅपटॉपवर नव्या कंपनीचं काम सुरू करू नका, कामाची जागा अर्जात लिहिलेली असते. दोन नोकऱ्यांमध्ये खंड पडत असेल तर ६० दिवसांची मुदत कुठून मोजायची ते कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या. पाच आठवडे त्यात बसतात, पण रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली गेली तर जागा उरत नाही.

पत्रं: पोस्टाचं तात्पुरतं फॉरवर्डिंग १५ दिवसांपासून एक वर्षापर्यंत मिळतं. वाटेत काही मागवायचं असेल तर लहान गावाच्या पोस्टात 'जनरल डिलिव्हरी' असं लिहून, ओळखपत्र दाखवून घेता येतं.

गाडी: वॉशिंग्टनमध्ये राहायला आल्यापासून ३० दिवसांत लायसन्स आणि गाडीची नोंदणी. तिथली धुराची तपासणी २०२० पासून बंद आहे. आधीच्या राज्यात ९० दिवसांपेक्षा जास्त वापरलेली गाडी असेल तर यूज टॅक्स (बाहेरून आणलेल्या वस्तूवरचा राज्याचा कर) माफ होतो, जुनी नोंदणी जपून ठेवा. आणि न्यू जर्सीच्या नंबरप्लेट परत केल्याशिवाय तिथला विमा बंद करू नका.

खंड्या: रेबीजचा सही केलेला मूळ दाखला कॅबमध्ये, फोटो फोनमध्ये. डॉक्टरकडून आरोग्य प्रमाणपत्र निघण्याच्या आठवड्यातच घ्या, बऱ्याच राज्यांत ते ३० दिवसांचंच धरतात. मायक्रोचिपच्या नोंदणीत फोन नंबर बरोबर आहे का बघा. जुना पत्ता राहिला तरी चालेल, जुना नंबर चालत नाही.

वाटसरू७
अवांतर: कॅनडातून शॉर्टकट मारायचा मोह होईल, तर १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत परत येताना कुत्र्यासाठी सीडीसीचा (केंद्रीय रोगनियंत्रण संस्था) फॉर्म लागतो, वय किमान सहा महिने आणि चिप हवी. खंड्या बसतो त्यात, पण फॉर्म आधी भरा.

गुळपोळी
अति अवांतर: पुण्याहून कुत्रा आणायचा असेल तर?

सहीशिक्का
भारत रेबीजच्या जास्त जोखमीच्या यादीत आहे, त्यामुळे नियम वेगळे आणि मोठे आहेत. स्वतंत्र धागा काढा, तिथे लिहितो.

डबलबोल्ट
वीज राहिली. ४५ लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज चालू असताना ४०-४५ वॅट घेतो, दिवसभराचे साधारण ३५०-४०० वॅट-तास, तापलेल्या टॉपरमध्ये जास्त. एक किलोवॅट-तासाची बॅटरी दोन दिवस काढते. कॅबमधल्या सॉकेटवर सुमारे १२० वॅट मिळतात, चार तास गाडी चालवली की त्या दिवसाचं भागलं. एका जागी तीन दिवस थांबणार असाल तर १०० ते २०० वॅटचं घडीचं सोलर पॅनल आणि लांब वायर. छतावर पक्कं बसवू नका. खंड्यासाठी ट्रक सावलीत हवा आणि पॅनल उन्हात. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही, मोंटानात डोंगरात पहाटे तेवढी थंडी पडू शकते, गाडी तापल्यावर लावा.

कस्तुरी
शेवटच्या टप्प्यासाठी एक गोष्ट, आणि ही हात जोडून सांगते. कॅस्केड्स ही वॉशिंग्टनमधली डोंगररांग ओलांडून पश्चिमेला उतरलात की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नद्यांत सामन मासे चढतात, काठावर मेलेले पडलेले असतात. लॅबला तो वास म्हणजे मेजवानी. कच्च्या सामनमधल्या सूक्ष्म चपट्या कृमीत एक जिवाणू असतो, त्यातून सामन पॉयझनिंग होतं. मासा खाल्ल्यावर साधारण आठवडाभराने ताप, उलट्या, जुलाब, जबड्याखालच्या गाठी सुजणं. उपचार न केल्यास बहुतेक कुत्रे दगावतात. वेळेत डॉक्सिसायक्लिन आणि कृमीचं औषध दिलं तर बरे होतात. डॉक्टरला 'मासा खाल्ला असेल' एवढं सांगितलं की अर्धं निदान झालं. नदीकाठी लीश, आणि 'सोड' ही आज्ञा आत्तापासून रोज पक्की करा.

फाळका साधारण तीन फूट उंच असतो. रोज दहा वेळा उडी मारून उतरला तर पुढच्या खांद्यांवर आणि कोपरांवर ताण येतो, चढताना मागच्या खुब्यांवर. घडीचा रॅम्प घ्या, निघण्याआधी दोन आठवडे अंगणात चढायला शिकवा. उन्हात फाळक्याचा पत्रा तापतो, हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, मगच त्याला चढवा.

खाणं बदलणार असाल तर सात दिवसांत हळूहळू. ट्रकमध्ये जुलाब म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

ओसरी
कस्तुरीताई, सामनचं काहीच माहीत नव्हतं. मनापासून आभार.

ठरलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा. ओटा २५ इंच रुंद, ७३ लांब, १० उंच, वर अर्धा इंची प्लायवूड, आडवे आधार दर १६ इंचांवर. उजवा पट्टा खंड्याचा, फ्रिज कॅबच्या भिंतीला. प्रवासात तो कॅबमध्ये हार्नेसमध्ये. फाळक्याला आतून दोरी आणि रबरी पट्टी. पाणी सातच गॅलन, वाटेत भरत जाईन, त्यामुळे २५ पौंड वाचले. मुक्काम पेनसिल्व्हेनियात एक, मग विस्कॉन्सिनपर्यंत पळत, तिथून पुढे सावकाश.

एक शंका उरली. सिएटलला पोचल्यावर घर मिळेपर्यंत आठवडाभर शहरात ट्रकमध्ये राहता येईल का?

हडसनकाठ
तेवढं टाळा. शहरात रस्त्यावर एका जागी ७२ तासांची मर्यादा आहे, आणि दिवसभर घरं बघत फिरताना खंड्याला कुठे ठेवणार? कॅस्केड्सच्या अलीकडे दोन-तीन दिवस जास्त थांबा, तिथूनच फोनवर भेटीच्या वेळा लावा. महामार्गावरच्या विश्रांतीच्या थांब्यांवर वॉशिंग्टनमध्ये ८ तास थांबता येतं, ओरेगनमध्ये १२, पण तो मुक्काम नाही. घर बघायचे दोन दिवस डेकेअर आधी राखून ठेवा. घरमालकाला खंड्याचा एक पानाचा कागद द्या: फोटो, वजन, लसी, आधीच्या घरमालकाचं पत्र. ते पत्र एडिसन सोडण्याआधीच मागून घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही.

खिळेमोळे
आधार १६ ऐवजी १२ इंचांवर घ्या. खंड्या तुमच्या ओट्यावर येणार नाही असं धरलंय, तो येणार.

रानजाई
आणि सकाळी फाळका उघडायच्या आधी लीश अडकवा. आधी लीश, मग कडी. झोपेतून उठलेला कुत्रा समोर हरीण दिसलं की तुमच्या हातावरून उडी घेतो, आणि तिथे फोनला रेंज नसते. लीशची कडी ओट्याच्या पायाला, फाळक्याजवळ, हात जाईल अशी कायमची टांगून ठेवा.